भिवराच्या गोधडीतला मधला तुकडा

एक होता राजा. त्याचं नाव चित्रसेन. राज्य मोठं, महाल मोठा, आणि मिशा तर त्याहून मोठ्या. पण या राजाला एका गोष्टीचा भारी राग. कशाचा? तर जुन्या कपड्यांचा. मन्या, हसतोस काय? असतो एकेकाला राग. तुला नाही का दुधी भोपळ्याचा?

राजाच्या रागाला कारण होतं, बरं का. चित्रसेन होता धाकटा राजपुत्र. आणि धाकट्याच्या वाट्याला काय येतं, ते आपल्या रेवाला विचारा. मन्याचं स्वेटर तिसऱ्या वर्षी कोणाच्या अंगावर जातं? तसंच तिथेही. थोरल्या भावाला अंगरखा आखूड झाला की तो चित्रसेनाच्या अंगावर चढायचा. बाह्या लांब, कोपराला ठिगळ. दरबारातली पोरं त्याला 'उतरलेल्या अंगरख्याचा राजपुत्र' म्हणून चिडवायची. तो बिचारा खांबाआड जाऊन रडायचा.

मग काय झालं, थोरला भाऊ तीर्थयात्रेला गेला आणि तिकडेच रमला. गादीवर बसला चित्रसेन. बसला तो बसला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने दवंडी पिटवली. "ऐका हो ऐका! आजपासून नगरात जुनं कापड ठेवायचं नाही. ठिगळ नको, रफू नको, जोड नको. घरात कोणी सुई धरायची नाही. दर सणाला महालातले शिंपी सगळ्यांना नवे कपडे देतील. जुने कपडे नदीकाठच्या भट्टीत टाकायचे!"

लोक खूश झाले. का नाही होणार? फुकटात नवे कपडे मिळतात म्हटल्यावर कोण नाक मुरडेल? पहिल्या सणाला सगळं नगर कसं कडक, करकरीत, चकचकीत. माणसं चालली की कपड्यांचा करकर आवाज यायचा. ज्याने त्याने आपापलं जुनं भट्टीत नेऊन टाकलं आणि नव्यात मिरवत घरी आला.

एकट्या भिवराने तेवढं काही भट्टीत नेलं नाही.

ही भिवरा म्हणजे म्हाळू कुंभाराची बायको. ती काही शिंपीण नव्हती. शिवणावर तिचं पोटही नव्हतं. तिला आपली शिवायची हौस. दुपारी कामं उरकली की अंगणात लिंबाच्या सावलीला बसायची आणि शिवत सुटायची. उशांना अभ्रे शिवी, दाराला तोरण शिवी, बाजारात न्यायला पिशव्या शिवी, शेजारच्या बाळांना झबली-टोपडी शिवी. स्वतःच्या चोळ्या तर स्वतःच बेतायची. एकदा हौसेच्या भरात तिने पाट्या-वरवंट्यालासुद्धा खोळ शिवली. तेव्हा म्हाळू म्हणाला, "अगं, मी जरा बाहेर जाऊन येतो. नाहीतर मलाही खोळ घालशील!"

आणि तिची एक गोधडी होती. ती तिने अशीच दुपारी-दुपारी बसून, तीन उन्हाळे घालवून शिवली होती. त्या गोधडीत बाजारातलं काहीच नव्हतं. एका बाजूला आजोबांच्या धोतराचा तुकडा, म्हातारा शेतावरून यायचा तर त्याला गवताचा वास यायचा. दुसऱ्या बाजूला भिवराचा लहानपणीचा परकर, जांभळं खाऊन खाऊन त्यावर डाग पडलेले. बाकी भावंडांचे, आत्या-मावश्यांचे, सगळ्यांचे तुकडे. आणि बरोबर मधोमध तिच्या आईचं हिरवं लुगडं.

त्या हिरव्या तुकड्यावर एक रफू होतं, पांढऱ्या दोऱ्याचं. हिरव्यावर पांढरं! कसं दिसत असेल? जणू एखादी चिमणी ओल्या पायाने चालून गेली आहे. तर त्याची हकीकत अशी. भिवरा लहान असताना एकदा रुसून जोंधळ्यात लपून बसली. आई हाका मारत शेतभर फिरली. बांधावरच्या बाभळीला तिचा पदर अडकला आणि टरकन फाटला. तिने तो सोडवायलासुद्धा वेळ घेतला नाही, तशीच पुढे धावली. भिवरा सापडली. मार मिळाला नाही, उलट गूळ मिळाला. मग आईने पदर रफू केला. घरात हिरवा दोरा नव्हता, म्हणून पांढऱ्याने केला.

आता आई देवाघरी गेली होती. भिवरा झोपताना त्या पांढऱ्या टाक्यांवर तळहात ठेवायची. हात ठेवला की आईचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा, अगदी स्पष्ट. हात नसला की चेहरा धूसर व्हायचा. तिला तीच भीती होती. हा तुकडा गेला तर आईचा चेहराही जाईल.

दवंडीनंतर शिपाई तिच्या घरी तीनदा आले. पहिल्यांदा आले, देवळीतल्या सगळ्या सुया घेऊन गेले. दुसऱ्यांदा आले, अभ्रे, तोरणं, पिशव्या, झबली सगळं उचलून नेलं. पाट्याची खोळसुद्धा सोडली नाही. तिसऱ्यांदा आले ते गोधडी शोधायला. पण भिवराने ती कणगीत, कोंड्याखाली घालून ठेवली होती. कणगी म्हणजे धान्य साठवायची मोठी टोपली, पुरुषभर उंचीची. शिपायांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, म्हाळूच्या मडक्यांतही डोकावून पाहिलं. कणगीत मात्र कोण उतरणार? कोंडा नाकात जातो. ते शिंकत शिंकत निघून गेले.

आणि एक सुई तिने वाचवली होती. कुठे, सांगा बघू? अंबाड्यात. त्यानंतर तिला डोकं खाजवताना फार जपावं लागायचं.

असे दिवस गेले, महिने गेले. हळूहळू नगरात एक विचित्रच प्रकार सुरू झाला. माणसं जांभया देऊ लागली. भाजीवाली जांभई देई, पुजारी आरतीत जांभई देई, राजाचा हत्तीसुद्धा एवढा मोठा जबडा वासे. झोपायला गेलं की झोप येईना. कूस बदलायची, पुन्हा कूस बदलायची, आणि कपड्यांची करकर ऐकत पडायचं. कोणाला काही कळेना.

एके दिवशी भर दुपारी भिवराने गोधडी बघायला म्हणून कोंडा बाजूला केला. बघते तर काय? गोधडीच्या घडीत एक म्हातारी बसलेली! केवढी? कापसाच्या बोंडाएवढी. केस पांढरे, गाल मऊ, डोळे अर्धे मिटलेले.

"अगं बाई! तुम्ही कोण?" भिवराने विचारलं.

"मी नीजमावशी," म्हातारी म्हणाली. "संध्याकाळ झाली की मी घरोघर जाते. ज्याच्या अंथरुणावर बसते, त्याला झोप लागते. पण माझी हाडं झाली म्हातारी. मला बसायला माणसाच्या अंगावर वापरून मऊ झालेलं कापड लागतं. नव्यावरून मी घसरते गं. सगळं नगर हिंडले, कुठे बसायला जागा नाही. तुझ्या गोधडीवाचून मला घर उरलं नाही."

भिवराने तिला तिथेच राहू दिलं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गोधडी भट्टीत गेली असती.

मग काय झालं, राणीला मुलगी झाली. तोफा उडाल्या, साखर वाटली. पण पोरगी जन्मली तशी जी रडायला लागली, ती थांबेचना.

आता आपल्याकडे एक रीत आहे, बरं का. बाळाचं बारसं होईपर्यंत त्याला नवं कापड घालत नाहीत. घरातल्या कोणा मोठ्या माणसाचं जुनं, मऊ लुगडं किंवा धोतर फाडून त्याचं झबलं शिवतात. तुम्हा दोघांनाही तसंच घातलं होतं. पण त्या नगरात जुनं कापड राहिलं होतं कुठे? आणि राजा म्हणाला, "माझी लेक दुसऱ्याचं उतरलेलं घालणार नाही! तिला कोणी चिडवलेलं मला चालणार नाही!"

मग पहिल्या दिवशी तिला रेशमाचं झबलं घातलं. पोरगी रडली. दुसऱ्या दिवशी जरीचं घातलं. पोरीच्या अंगावर पुरळ उठलं. तिसऱ्या दिवशी इतक्या तलम मलमलीचं घातलं, की ते अख्खं झबलं मुठीत मावेल. पोरगी रडून रडून लाल झाली. ना दूध प्यायची, ना झोपायची. पाचव्या दिवशी तर तिचा आवाजही बसला. नुसतं तोंड उघडायचं आणि आवाज यायचा नाही. राणीच्या तोंडचं पाणी पळालं.

बाळंतपण करणारी सुईण होती साळूबाई. ती राहायची भिवराच्या शेजारीच. ती भिवराच्या अंगणात येऊन मटकन बसली. "भिवरे, पोर हातची जाते गं. एवढंसं मऊ जुनेर मिळालं असतं तर निजली असती. पण कुठून आणू?"

भिवरा उठली. ती आत गेली आणि कणगीपाशी उभी राहिली. गोधडी बाहेर काढावी तर राजा शिक्षा करील. न काढावी तर ते लेकरू? मग तिने अंबाड्यातली सुई काढली आणि टाके उसवायला बसली.

पण माणसाचं मन कसं असतं बघा. तिने पहिल्यांदा उसवला तो आजोबांच्या धोतराचा तुकडा. आईच्या तुकड्याला हात लावायचं धाडस तिला झालं नाही. वर आणखी तिला वाटलं, राजाच्या घरी असं विटकं कापड कसं द्यायचं? राजा काय म्हणेल? म्हणून तिने त्याचं झबलं शिवून त्यावर वरून सणाला मिळालेलं नवं रेशीम लावलं, आणि आतूनही लावलं. साळूबाईने ते झबलं नेलं. नीजमावशी त्यावर बसून गेली. पण रेशमावरून घसरली ती पाळण्याखाली पडली. पोरगी रडतच राहिली.

मग दुसऱ्या दिवशी भिवराने आपल्या परकराचा तुकडा उसवला. या वेळी रेशीम लावलं नाही. पण जांभळाचे डाग राजकन्येला कसे दाखवायचे? तिने तो तीनदा धुतला, घासघासून धुतला, आणि भाताची पेज घालून कडक खळ केली. कापड कसं पापडासारखं उभं राहिलं. साळूबाईने तेही नेलं. नीजमावशी जेमतेम बसली, पोरीचे डोळे एवढेसे मिटले, राणीचा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात खळ टोचली! नीजमावशी "आई गं" करून उठली, आणि पोरगी पुन्हा रडू लागली.

नीजमावशी लंगडत कणगीत परत आली. "भिवरे," ती म्हणाली, "तू मला जुनं देतेस, पण जुनं लपवून देतेस. लाजतेस कशाला?"

भिवराने खाली मान घातली. गोधडी तिच्या मांडीवर होती, आणि मधला हिरवा तुकडा वर होता. तिने पांढऱ्या टाक्यांवर हात ठेवला. आईचा चेहरा आला. बांधावरून धावत येणारी, फाटक्या पदराची, घामेजलेली आई. भिवराला रडू फुटलं. ती खूप रडली. मग तिच्या मनात आलं, आपली आई इथे असती तर तिने काय केलं असतं? पोर रडतंय म्हटल्यावर तिने पदराकडे बघितलंही नसतं.

तिने डोळे पुसले. एकेक टाका उसवला. हिरवा तुकडा धुतला नाही, खळ केली नाही, वर काही लावलं नाही. रफू होतं तसंच ठेवलं. त्याचं इवलंसं झबलं शिवलं, आणि या वेळी साळूबाईच्या हाती न देता स्वतः घेऊन निघाली. नीजमावशी झबल्याच्या घडीत बसली होती.

दुपारची वेळ. महालात सगळे जांभया देत उभे. साळूबाईने भिवराला आत घेतलं. राणीने हात पुढे केले. पोरीला हिरवं झबलं घातलं. आणि काय सांगू! पोरीने एक हुंदका दिला, झबल्याचा काठ मुठीत धरला, आणि डोळे मिटले. गाढ झोपली.

तेवढ्यात राजा आला. त्याने बघितलं, आणि त्याच्या मिशाच उभ्या राहिल्या. लेकीच्या अंगावर ठिगळासारखं रफू! तेही पांढऱ्या दोऱ्याचं!

"कोणी घातलं हे?" तो ओरडला. "काढा! आत्ताच्या आत्ता भट्टीत टाका!"

सगळे मागे सरकले. भिवरा पुढे झाली. ती म्हणाली, "महाराज, मी घातलं. माझ्या आईचं लुगडं आहे. हे फाटलं ना, तेव्हा माझी आई मला शोधत होती. तुम्हाला शिक्षा करायची तर मला करा. पण लेकरू उठेपर्यंत हे काढू नका."

झबलं काढायला म्हणून राजाने स्वतःच हात पुढे केला. त्याचं बोट त्या टाक्यांना लागलं. आणि तो तिथेच थांबला.

ते टाके त्याच्या बोटाला ओळखीचे वाटले. कुठे लागले होते असे टाके? मग हळूहळू त्याला आठवलं. तो लहान होता. थोरल्याचा अंगरखा त्याच्या अंगावर होता, कोपराला ठिगळ होतं, पोरं हसली होती. पण त्या अंगरख्याच्या आत, छातीपाशी, कोणाला दिसणार नाही अशा जागी एक लहानसा मऊ तुकडा लावलेला असायचा. त्याच्या आईने आपल्या पैठणीच्या आतल्या पदराचा तुकडा काढून स्वतःच्या हाताने शिवलेला. प्रत्येक अंगरख्यात ती तो उसवून पुन्हा लावायची. थोरल्याच्या कपड्यात तो नसायचा, फक्त धाकट्याच्या असायचा. रोज झोपताना तो त्या टाक्यांवरून बोट फिरवायचा. आणि ठिगळाच्या रागापायी तो ते सगळं विसरून गेला होता. ते अंगरखेही त्याने सगळ्यांत आधी भट्टीत घातले होते.

राजा पाळण्याशेजारी खालीच बसला. मुकुट काढून ठेवला. "मी आईचं सगळं जाळलं," तो म्हणाला. आणि रडला, बरं का. एवढा मोठा राजा, एवढ्या मिशा, पण लहान मुलासारखा रडला. रडता रडता पाळण्याला टेकला आणि त्याला झोप लागली. राणीला तिथेच झोप लागली. साळूबाईला लागली. हत्ती मान टाकून झोपला. पाळण्यातून झोप अशी पसरत गेली, की सगळं नगर भर दुपारी गाढ झोपून गेलं.

भिवरा हलक्या पावलांनी घरी आली. गोधडीच्या मधोमध मोठी खिडकी पडली होती, आतलं अस्तर दिसत होतं. तिने ती पांघरली. सवयीने तळहात तिथे ठेवला. हाताला टाके लागले नाहीत. तिने घाबरत घाबरत डोळे मिटले.

आई आली. पदर खोचलेली, हातात गुळाचा खडा घेतलेली. जराही धूसर नाही.

बारा दिवस झाले, बारसं झालं. आणि तेराव्या दिवशी म्हाळूच्या दारात कोण यावं? राजा! एकटाच, पायी. त्याच्या हातात ते हिरवं झबलं होतं. आता त्याला बाळाच्या तेलाचा आणि धुपाचा वास येत होता. राजा म्हणाला, "भिवराताई, हे तुमचं. पण एक मागू का? हे मी माझ्या हाताने गोधडीत बसवून देतो. मला शिकवाल?"

मग राजा लिंबाखाली मांडी घालून बसला. सुईत दोरा ओवायलाच त्याला अर्धी दुपार लागली. बोटाला तीनदा सुई टोचली, तीनदा "हाय हाय" केलं. म्हाळू मडक्याआड तोंड लपवून हसत होता. टाके असे वाकडेतिकडे पडले, की नागोबा चालला म्हणावं. पण तुकडा बसला. भिवराने ते टाके कधी उसवून नीट केले नाहीत. तसेच ठेवले.

दवंडी फिरली, ती उलटी. सुया घरोघर परत आल्या. भट्टी विझली. बायका-पुरुष दुपारी अंगणात बसून आपापल्या हौसेचं शिवू लागले, कोणी पिशवी, कोणी परकर, कोणी बाळाची कुंची. राजाला तर शिवणाचं वेडच लागलं. त्याने सिंहासनाला उशी शिवली, एका बाजूला फुगलेली आणि एका बाजूला चपटी. दरबारात तो कायम थोडा कलता बसायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "मी शिवली आहे!" कपडे वापरून वापरून मऊ झाले, आणि नीजमावशीला घरोघर बसायला जागा मिळाली. सगळी माणसं पोटभर जेवली आणि डोळे भरून झोपली.

झाली गोष्ट. मन्या, आता ऐक. तुला दुकानातलं नवं ब्लँकेट हवंय ना? आणू उद्या. पण आज या गोधडीत झोप. तुझ्या हाताखाली तो निळा तुकडा आहे ना, तो तुझ्या बाबाच्या पहिल्या शाळेच्या सदऱ्याचा. रेवाच्या गालाखाली आहे ते माझ्या आईचं लुगडं. आणि इकडे कोपऱ्यात बोट फिरवा, हे पिवळं, एवढंसं. हे तुम्हा दोघांचं झबलं, आधी मन्याने घातलेलं, मग रेवाने. मीच शिवलं होतं, आणि मीच इथे बसवलंय. सापडलं? मग आता तिथेच हात ठेवा. बोलू नका. नीजमावशी येऊन बसते आहे.